झाडूवालं सॉफ्टवेअर

तळेगाव, मंगळवार संध्याकाळ

भाऊजींनी आज न विचारता माझा कॉम्प्युटर ‘साफ’ केला. मी कामशेतला गेले होते, तेवढ्यात त्यांनी ते झाडूचं चित्र असलेलं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं.

“वहिनी, बघा कसा पळतोय!”

पळणारच. घरातलं सामान बाहेर फेकलं की घर मोठंच दिसतं. आईच्या आवाजातली गाणी गेली. आई जायच्या आधी मी रेकॉर्ड केलेली.

“एकाच नावाच्या किती फाइली होत्या! जंकच ते.”

सगळ्यांना ‘आई’ नाव दिलं होतं, पुढं नुसते आकडे. दुसरं काय देणार? त्या झाडूनं रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं. असल्या सॉफ्टवेअरची गरज कुणाला असते? विंडोजची स्वतःची सफाई पुरते. आणि मी तरी दुसरी कॉपी का नाही ठेवली?

मशीन लगेच बंद केलं, म्हणजे पुसलेल्यावर नवीन काही लिहिलं जाणार नाही. मग पेन ड्राइव्हवरून रिकव्हरी चालवली. बरीच गाणी परत आली. शेवटच्यात मात्र आईचं “झालं का गं चालू?” एवढंच उरलंय, पुढं नुसती खरखर.

भाऊजी मागं उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “बघा, मिळालं की सगळं!”