त्रिमोचा इंग्गिह

करंगवुनी,
३ ऑगस्ट १९९४

चि. लासियेम हिस,

थोरल्या भावाचा सलाम आणि आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही धडधाकट आहोत. बदकं सतरा झाली. तुझ्या पोनिराहवहिनीचा गुडघा आता बरा आहे. तिची जीभ तर कधी दुखलीच नव्हती.

आता वाईट बातमी. मेव्हणे गेल्यावर मी तुला शब्द दिला होता की गावी परत ये, बापाने तुझ्यासाठी काढून ठेवलेलं शेत जसंच्या तसं तुझ्या हाती देईन. तीन वाफे, वरच्या वाफ्यात झरा, कडेला खोपटापुरती जागा. त्यातला वरचा वाफा झऱ्यासकट मी परवा शेजारच्या शेताच्या द्वीजो गुरुजींना देऊन टाकला. तोंडातून एकच शब्द काढून. कोणता, ते तू ओळखलंच असशील.

झालं असं की जमिनीचे कागद करायला शहरातून मोजणीवाले आले. त्यांचा प्रमुख लांबच्या मेदान शहराकडचा, आपली भाषा नवी शिकलेला, माणूस मात्र उमदा. बांधावर एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला गुरुजी, मध्ये मी. गुरुजींनी काठीने खालचा पाट दाखवला आणि विचारलं की माझी हद्द पाटापर्यंत ना रे त्रिमो? मला पक्कं ठाऊक होतं की त्यांची हद्द वरच, लाल पानांच्या झाडापाशी संपते. पण ज्यांनी मला एकाच पहिलीत दोन वर्षं न कंटाळता शिकवलं, त्यांना चारचौघांत नाही कसं म्हणायचं? मी मान खाली घातली आणि म्हणालो, इंग्गिह.

आपल्याकडे इंग्गिह म्हणजे काय? ऐकलं, आपला मान राखला, पुढचं पुढे बघू. मेदानच्या माणसाने त्याचा अर्थ घेतला ‘हो’, आणि खुंटी ठोकली. मग त्याने मला विचारलं की खुंटी बरोबर जागी आहे ना. त्यालाही मी इंग्गिह म्हणालो. वर शहाळं फोडून दिलं.

यादी चावडीवर लागली आहे. ज्याची हरकत असेल त्याने १५ सप्टेंबरच्या गावसभेत उभं राहून सांगायची, नंतर कागद पक्के. पण तोवर थांबतोय कोण? मी उद्याच गुरुजींकडे जाऊन सगळं स्पष्ट सांगतो. तू अजिबात काळजी करू नको.

लोभ आहे तेवढा राहू दे. तो वाढव म्हणायला आज मला तोंड नाही.

तुझा भाऊ,
त्रिमो

---

लाम्पुंग,
१३ ऑगस्ट १९९४

ती. कांग त्रिमो यांस,

धाकट्या लासियेमचा सलाम. वि. वि. पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचून रडले, दुसऱ्यांदा वाचून हसले, आता पुन्हा रडू येतंय.

बापाने तुमचं नावच त्रिमो ठेवलं, पदरात पडेल ते घेणारा, तर तुम्ही तरी काय करणार म्हणा! दात काढणाऱ्याने हाच का दात असं विचारलं, तुम्ही इंग्गिह म्हणालात आणि चांगला दात पुडीत बांधून, दुखरा तोंडात घेऊन घरी आलात. लग्नाच्या वेळी एका आठवड्यात दोन घरांना इंग्गिह म्हणून बसलात. वहिनीकडची माणसं केळीचे घड घेऊन आधी पोचली, म्हणून नशीब तुमचं. दुसरीकडच्यांना तोंड द्यायला आई गेली होती, तुम्ही माळ्यावर लपला होतात.

पण कांग, दादा माझ्या, थट्टा पुरे. इथलं घर दिरांचं आहे. ते मला जा म्हणत नाहीत, पण माझी चटई रोज थोडी दाराकडे सरकते. मूलबाळ नाही, कोणाच्या भरवशावर राहू? वरचा वाफा गेला की झरा गेला, आणि झरा गेला की खालचे दोन वाफे नुसती माती. मला परत यायला दुसरी जागा नाही. तुमच्याकडून एकच शब्द हवाय, म्बोतेन. ‘नाही’ म्हणायला आपल्या भाषेत शब्द आहे, कांग, आणि तो चांगला अदबीचा आहे. गुरुजींसमोरही चालतो.

रागावून लिहीत नाहीये. घाबरून लिहितेय.

वहिनीला सलाम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
लासियेम

---

करंगवुनी,
२५ ऑगस्ट १९९४

चि. लासियेम हिस,

सलाम आणि आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोनिराहने मोठ्याने वाचून दाखवलं. दाताचा भाग तिने तीनदा वाचला.

मी गुरुजींकडे एकदा नाही, तीन वेळा जाऊन आलो. पहिल्या वेळी त्यांनी चहा आणि तळलेली केळी पुढे ठेवून विचारलं की सहज आलास ना? मी इंग्गिह म्हणालो. सहज आलेल्या माणसाने हद्दीचा विषय कसा काढायचा? दुसऱ्या वेळी मी ‘ते शेत’ इथपर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात त्यांनी विचारलं की घराची कौलं फुटली आहेत, बदलून देशील का? पुढचे दोन दिवस मी त्यांच्या छपरावर होतो. तिथून लाल पानांचं झाड इतकं स्वच्छ दिसतं म्हणून सांगू! बोट दाखवून सांगताच आलं असतं, पण दोन्ही हातांत कौलं होती. तिसऱ्या वेळी त्यांच्याकडे पाहुणे होते. गुरुजींनी त्यांना सांगितलं की हा माझा विद्यार्थी, चाळीस वर्षांत याने मला कधी उलटून उत्तर दिलं नाही. आता बोल!

तेव्हापासून सराव चालू आहे. सकाळी बदकांसमोर उभं राहून म्बोतेन म्हणतो. ती दाण्यासाठी येतात, माझा नकार ऐकतात आणि तरीही दाणे खाऊन जातात. जेवताना पोनिराह आणखी भात वाढू का विचारते, त्यालाही सरावासाठी म्बोतेन म्हणतो. तीन दिवस अर्धपोटी आहे. ती परत विचारत नाही, लबाड. शेजाऱ्याने विचारलं की तुझी तब्येत बिघडली आहे का? मी इंग्गिह म्हणालो, त्याने काढा आणून दिला. प्यायलो.

सभेत उभा राहीन हे नक्की. मनाची तयारी झाली आहे, पायांची व्हायची आहे.

तुझ्या लोभावरच उभा राहणार आहे, तो काढून घेऊ नको.

तुझा भाऊ,
त्रिमो

---

लाम्पुंग,
५ सप्टेंबर १९९४

ती. कांग त्रिमो यांस,

सलाम. वि. वि. तुमच्या तयारीवर माझा कवडीचा भरवसा नाही, म्हणून एक युक्ती केली आहे. गावप्रमुखांना मी वेगळं पत्र धाडलंय. यादी बरोबर आहे ना, असं तुम्हाला विचारू नका, यादी चुकली आहे ना, असं विचारा, म्हणून कळवलंय. म्हणजे तुम्ही नेहमीसारखं इंग्गिह म्हणायचं आणि खाली बसायचं. काही शिकू नका, काही सुधारू नका. आहात तसेच जा. आणि पोटभर जेवा.

आता एक जुनी गोष्ट. बावीस वर्षं विचारीन विचारीन म्हणते. लाम्पुंगला निघालेल्या कुटुंबाचं स्थळ आलं तेव्हा बापाने तुम्हाला विचारलं होतं की लासियेमला इतक्या लांब देऊन टाकू या ना? मी दाराआड होते. तुम्ही इंग्गिह म्हणालात. मी समजले, तुम्हाला मी जड झाले. तेच मनात धरून बोटीत बसले, आणि म्हणून पहिली तीन वर्षं पत्र लिहिलं नाही. पण तुमचं शेताचं पत्र वाचल्यापासून मनात सारखं येतंय. तो इंग्गिह कुठला होता, कांग? हो म्हणणारा, की ऐकलं म्हणणारा?

खरं काय ते लिहा. जे असेल त्यासकट तुमची,

लासियेम

---

करंगवुनी,
१७ सप्टेंबर १९९४

चि. लासियेम हिस,

सलाम आणि आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र काल, म्हणजे सभेच्या दुसऱ्या दिवशी, हातात पडलं. आधी पडतं तर तुझ्या भावाची अब्रू वाचली असती.

चावडी खच्चून भरली होती. समोर मेदानचा माणूस कागद घेऊन, पहिल्या चटईवर गुरुजी. माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. गावप्रमुखांनी हसऱ्या चेहऱ्याने विचारलं की त्रिमो, यादी चुकली आहे ना? प्रश्न ऐकून घेण्याइतका मी शुद्धीवर कुठे होतो! तीन आठवडे जपून ठेवलेला शब्द, डोळे मिटून, सगळं बळ लावून ओरडलो, म्बोतेन!

आयुष्यातला पहिला नकार, लासियेम, आणि तोही तुझं शेत घालवायला.

बायकांच्या बाजूने पोनिराहने कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. गावप्रमुखांनी घाम पुसून पुन्हा विचारलं की म्हणजे यादी बरोबर आहे? आणि मी सवयीने म्हणालो, इंग्गिह. तेव्हा मात्र चावडी हसून हसून लोळली. मेदानच्या माणसाने कागदावर सही करायला पेन उघडलं.

ते पेन पाहिलं आणि माझ्या आतलं काहीतरी फुटलं. मी बोललो, तेही साध्या भाषेत, जी आपण बदकांशी वापरतो, गुरुजींशी नाही. म्हणालो, यादी चुकली, गुरुजी चुकले, आणि सगळ्यांत जास्त हा त्रिमो चुकला. हद्द लाल पानांच्या झाडापाशी आहे. लासियेम जन्मली त्या दिवशी बापाने ते लावलं आणि म्हणाला की याच्या खालचं हिचं. मी नऊ वर्षांचा होतो, मीच पाणी घातलं. एवढं बोललो आणि मटकन बसलो.

गुरुजी काठी टेकत उठले. म्हणाले की वय अठ्ठ्याहत्तर, हद्द कुठे ते आठवेना, परक्या माणसापुढे तसं कबूल करायची लाज वाटली, म्हणून विद्यार्थ्याला विचारलं. त्याने इंग्गिह म्हटल्यावर तेच उत्तर खरं धरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले की चाळीस वर्षं वाट पाहिली, एकदा तरी हा पोरगा मला चूक म्हणेल म्हणून. काल खुंटी निघाली आणि झाडापाशी ठोकली गेली. झरा तुझा आहे. गुरुजींनी विचारलं की स्वयंपाकघराचीही कौलं बदलशील का? मी इंग्गिह म्हणालो. हा हो म्हणणारा होता.

आणि बापाला म्हटलेला, तो ऐकलं म्हणणारा होता. ‘नाही’ ओठांपर्यंत आलं होतं, पण बापापुढे बाहेर निघेना. तू मला कधीच जड नव्हतीस, लासियेम. बंदराकडे निघालेली तुझी बस वळणाआड गेली तसा मी शेतात गेलो आणि तुझ्या झाडाला पाणी घातलं. पाऊस कोसळत होता. तरी दोन घागरी घातल्या. तुझ्या भावाला एवढंच सुचलं. बावीस वर्षं उशिराने बापाला उत्तर देतो आहे, तू साक्षीला रहा. म्बोतेन. लासियेमला लांब पाठवायचं नाही.

तुझी चटई उचल आणि ये. लोभ कागदावर खूप झाला. आणि हे वाचून तिकडून नुसतं इंग्गिह लिहून पाठवू नको.

तुझा भाऊ,
त्रिमो