गाढवाचा गुडघा

१ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून स्वतंत्र चित्रकार. डिटर्जंटच्या खोक्यांवर फेस काढण्यात चौदा वर्षं गेली, पुरे झालं. साहेब म्हणाले, महिनाभर तुमची खुर्ची रिकामी ठेवतो, एकतीसला काय ते कळवा. मी नुसता हसलो. खुर्ची खुशाल भंगारात काढा म्हणावं.
काम: मुलांचं चित्रांचं पुस्तक, सोळा पानं. एक म्हातारं गाढव डोंगरावरच्या शाळेत पुस्तकं पोचवतं. संपादकबाईंना पंधरा तारखेला नमुन्याचं एक पान हवंय. आवडलं तर पुस्तक माझं.
संकल्प: रोज सहा तास चित्रं. कामाच्या वेळेत फोन घ्यायचा नाही.

१ मार्च, ११.३०
आईचा फोन. घ्यावा लागला. गुडघा. जिना उतरताना कुठला पाय आधी टाकते, उभं राहताना भार दुसऱ्या पायावर कसा घेते, सगळं सविस्तर. वीस मिनिटं. ऐकता ऐकता हाताला चाळा म्हणून टॅबलेटवर एक गाढव गिरगटलं. टाकाऊ. पुसायचाही कंटाळा आला. तो लेअर, म्हणजे चित्राचा तो थर, डोळ्याचं बटण दाबून लपवला, वर कोरा लेअर घेतला. खरी सुरुवात उद्या.

२ मार्च
प्रेरणा आकाशातून पडत नाही, गोळा करावी लागते. दिवसभर गाढवांचे फोटो गोळा केले. चारशे बारा. फोल्डर तीन: उभी, बसलेली, विचारमग्न. बायको ऑफिसातून आली, बघून म्हणाली, घरात एक होतं ते पुरलं नाही का?
कलावंताच्या घरात असं वातावरण नको.

५ मार्च
भिंतीवर मूडबोर्ड केला. रंगांच्या चिठ्ठ्या, सुतळी, पोत्याचा तुकडा. अप्रतिम झालाय. त्याचे फोटो काढण्यात दुपार गेली. गाढव अजून नाही. आईचे दोन मिस्ड कॉल. उद्या करतो.

९ मार्च
जिवंत निरीक्षणाला पर्याय नाही. वीटभट्टीवर गेलो. गाढवाने तासभर पाठच दाखवली. भट्टीवाला म्हणाला, त्यात काढायचंय काय एवढं, चार पाय नि दोन कान. समीक्षक कुठेही भेटतात.

११ मार्च
दोनशे चाळीस ब्रशचा संच डाउनलोड केला. एकेक वापरून बघतोय. एकशे तीसपर्यंत पोचलो. आईला डॉक्टरकडे बायको घेऊन गेली. मीच जाणार होतो, पण नेमकी लय लागत होती.
लागली नाही.

१५ मार्च, दुपारी ४
झालं! केस न् केस वेगळा काढलाय. मागे सूर्यास्त, डोळ्यात पाणी, पाण्यात पुन्हा सूर्यास्त. बायकोने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, मेहनत दिसते. एवढी पावती बस्स.
बाईंना उघडी फाइल लागते, सगळ्या लेअरसकट. पाठवली.

१८ मार्च
बाईंचा फोन. म्हणाल्या, वरचं सगळं काढून टाका. तळाशी एक बंद लेअर सापडला, ते गाढव कुणाचं? म्हटलं, माझंच, पण ते काही नाही, फोनवर बोलताना आपलं सहज. तर म्हणाल्या, अहो, तेच हवंय! एक गुडघा कसा जपत उभं आहे, बघताना आपलाच पाय दुखायला लागतो. अगदी तसंच, दोन पानं, पंचवीसपर्यंत. ती जमली की पुस्तक तुमचं.
फिनिशिंगची कदर राहिली नाही. ठीक आहे. वीस मिनिटांचं काम, जेवणाआधी उरकतो.

१९ मार्च
सकाळपासून सत्तावीस गाढवं काढली. सगळी ठणठणीत.

२१ मार्च
शरीररचनेचं जाड पुस्तक आणलं. आता गुडघा अचूक आहे. गाढव मेलेलं.

२३ मार्च
माझंच चित्र खाली ठेवून वरून गिरवलं. रेघ तिथेच आहे, पण ते गाढव ओळख दाखवत नाही.
बायको म्हणाली, त्या दिवशी तू आईंशी बोलत होतास ना, मग आईंनाच फोन लाव. म्हटलं, संबंध काय? अडला हरी, एवढंच म्हणून ती थांबली. पुढचं मुद्दाम गाळलं.
फोन लावला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२५ मार्च
दोन पानं पाठवली. मधूनच बघितली तर बरी वाटतात.

२८ मार्च
बाई फार मऊ आवाजात बोलल्या. इतक्या मऊ आवाजात कुणी चांगली बातमी देत नाही. ते एक चित्र मुखपृष्ठावर घेणार. आतली पानं दुसऱ्या चित्रकार मुलीला दिलीत. तिला सांगितलंय, हे गाढव समोर ठेव आणि त्यातून काढ.
म्हणजे आता मीच इतरांची प्रेरणा झालो. तसं पाहिलं तर मोठी गोष्ट आहे.
जेवलो नाही.

३१ मार्च
साहेबांकडे खुर्चीची सहज चौकशी केली. तिथेच होती.

३ एप्रिल, सकाळी १०.४०
फेस. लिंबाच्या वासाचा, म्हणून बुडबुडे पिवळे.
आईचा फोन आला. ऑपरेशनची तारीख ठरली. विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, भीती कसली, पुन्हा जिना उतरता आला म्हणजे झालं. मग म्हणाली, तू कामात असशील, ठेवते. पण ठेवला नाही. बराच वेळ बोलत होती, मी ऐकत होतो.
नंतर बघतो तर खोक्याच्या प्रिंटआउटच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी गिरगटलेलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर एक म्हातारं गाढव, कुठला पाय आधी टाकावा या विचारात.
टाकाऊ. चुरगाळून टोपलीत टाकलं.
संकल्प: ऑफिसच्या वेळेत फोन घ्यायचा नाही.