आईचं वैराग्य

मुनिरका, नवी दिल्ली

चि. गुणवंतास,
ताईचे आशीर्वाद.

आई इथे रुळली आहे, दोन वेळा जेवते, काळजी नसावी. पण मला आज स्वतःचीच किळस आली आहे.

बाबा गेल्यापासून ती दोन वर्षं गप्प होती. पेपर वाचणं सुटलं, शेजारणींशी भांडणंही सुटलं. आपल्या सोयीचं होतं, म्हणून आपण त्याला वैराग्य म्हटलं. तिच्या पंच्याहत्तरीला मी त्याच वैराग्यावर अर्धा तास बोलले आणि टाळ्या घेतल्या. दुसऱ्यांच्या ढोंगावर मी भाषणं करते.

हल्ली ती नावं विसरते, म्हणून डॉक्टरांकडे नेलं. ते तिला विचारत होते आणि उत्तरं मी देत होते. "मॅडम, माँजी को बोलने दीजिए," ते म्हणाले. तेव्हा आई म्हणाली, "कशातच मन लागत नाही. कुणी विचारलंच नाही."

डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे. उतारवयात त्याने अल्झायमरचा धोका वाढू शकतो, कधी ते त्याच आजाराचं पहिलं लक्षण असतं. आईचं काय, ते तपासण्यांनंतर कळेल. नैराश्यावर मात्र उपचार आहेत, आणि ते दोन वर्षांपूर्वीही होते.

"वय झालं, चालायचंच" हे तुझं वाक्य पुन्हा ऐकलं तर मला ओकारी येईल.

मैत्रेयीची पाठ कशी आहे? बायकोला तरी वेळेवर डॉक्टरांकडे ने.

रविवारी फोन कर. आईला काहीही विचार, पण उत्तर येईपर्यंत थांब. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
कुमुदताई