खारपाणपट्ट्यातलं घर

२० मार्च २००७, अकोट

बाडबिस्तरा घेऊन आज अकोटला डेरेदाखल झालो. अकोल्यापासून एसटीत उभा होतो, तरी मजेत आहे, कारण पहिल्यांदाच आख्खं काम माझ्या एकट्याच्या हाती आलंय. कापसाचे दिवस फिरले तसा इथला सरकीतेलाचा प्लँट बंद पडला. ढेपेतलं, म्हणजे सरकीच्या पेंडीतलं, उरलंसुरलं तेल ओढून काढायला तिथे पेट्रोलसारखा सॉल्व्हंट वापरायचे. तो गळक्या टाक्यांतून वर्षानुवर्षं जमिनीत मुरला. आता तो भूजलात आहे आणि त्याची वाफ वरच्या घरांत शिरते. पाणी साफ करायचं आणि वाफ घरात येऊ द्यायची नाही, ही माझी नोकरी.

बिऱ्हाड प्लँटच्या भिंतीला लागून, नबीचाचांकडे. चाचा गाद्या-रजया भरतात. घरात त्यांची बायको कुलसुमबी, सून नगमा आणि नगमाची पाच महिन्यांची फलक. मुलगा मोईज कामाला सुरतेत असतो. फलकने पहिल्याच भेटीत माझं बोट असं घट्ट धरलं की सोडवेना. मला लहान मुलं फारशी आवडत नाहीत. ही आवडली.

२८ मार्च

वासाने जीव नकोसा झालाय. गोडसर, तेलकट, खवट असा वास. जमिनीच्या भेगांतून येतो आणि पोळीला, उशीला, दातांनाही चिकटतो. चाचांच्या गाद्या गिऱ्हाईकं परत आणून टाकतात. कालची मटकीची उसळ मी तोंडात घातली आणि तशीच नाल्यात थुंकून आलो. कुलसुमबींनी पाहिलं. लाज वाटली, पण शिसारी लाजेपेक्षा मोठी होती.

अंगणातल्या बोअरचं पाणी तपासलं. सॉल्व्हंट भरपूर आहे. पिऊ नका म्हणून बजावलं, तर कुलसुमबी हसत सुटल्या. "कोन पेते हे पानी? बकरी बी तोंड लावत नाई याले!" हा खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी मिठासारखं. प्यायला नळाचं साठवतात, बोअरचं फक्त धुण्या-सांडायला. चला, पाण्याची चिंता मिटली. साहेबांना तसं कळवूनही टाकलं. आता लढाई फक्त जमिनीशी.

९ एप्रिल

जिंकलो! सगळ्या भेगा बुजवल्या, वर जाड प्लास्टिक, त्यावर नवी फरशी. जमिनीखालून एक पाइप छपरावर नेला आणि त्याला पंखा बसवला, म्हणजे वाफ परस्पर आभाळात. माझ्या आणि मधल्या खोलीमधल्या दारालाही चारी बाजूंनी रबर ठोकलं; माझ्या खोलीला तेवढंच दार. दार आता खांद्याने ढकलावं लागतं, चाचा कुरकुरतात. पण वास गेला. साफ गेला. नगमाने शेवयांची खीर केली आणि मी तीन वाट्या ओरपल्या.

प्लँटवरचा पाणी साफ करायचा मनोराही सुरू झाला. उपसलेलं पाणी वरून जाळ्यांवर ठिबकवत सोडायचं आणि खालून पंख्याने हवा मारायची. पाण्यातला सॉल्व्हंट हवेत उडून जातो. मनोरा वस्तीपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून उभा केलाय. साहेब खूश आहेत.

२० एप्रिल

ऊन असं की कौलांकडे बघवत नाही. फलकच्या मानेवर घामोळं उठलं, दुपारभर रडते. मला राहवेना. अकोल्याहून कूलर आणला आणि मधल्या खोलीच्या खिडकीत बसवला. वाळ्याच्या ताट्या आहेत, बोअरची नळी थेट त्याच्या टाकीत सोडली. नगमा संकोचली. कुलसुमबी म्हणाल्या, "कावून एवढा खर्च केला रे बेटा?" आणि लगेच पहिली जागा त्यांनीच धरली. फलक पाच मिनिटांत झोपली. दुपारी मीही तिथेच सतरंजी टाकतो. स्वर्ग आहे.

२८ एप्रिल

वास परत आला. पहिल्यापेक्षा वाईट. कुठली फट राहिली? दोन फरश्या उखडून पाहिल्या, खाली सगळं कोरडं, शाबूत. वाफ मोजायचा मीटर म्हणतो जमिनीखाली कमी, खोलीत जास्त. असं कसं होईल? मीटर बिघडला असणार. दुसरा मागवलाय. तोवर मधल्या खोलीच्या उरलेल्या फटीही बुजवल्या.

चहाचा वास आला तरी कप दूर सारतो. माझ्याच घामाला तो वास येतोय. दोनदा साबण लावला, तरी काखेतून तेलाच्या घाण्यासारखा दर्प.

५ मे

तापल्या अंगणातून अनवाणी चालत आलो. चप्पल कधी निसटली कळलंच नाही. तळव्यांना फोड आले होते, एक फुटून त्यात माती गेली होती आणि मला काही म्हणजे काही जाणवलं नाही. बोटाने दाबून पाहिलं. पिवळं पाणी आलं. दुसऱ्याच कुणाचा पाय वाटत होता. ओकलो.

नगमाच्या हातून कप पडतात. म्हणते दुपारी झोप फार जड लागते, उठवत नाही. डॉक्टर म्हणाले ऊन बाधलंय, ताक प्या, गार जागेत पडून राहा. म्हणून सगळे दिवसभर कूलरपुढे.

१० मे

फलकपुढे बोट धरलं. तिने धरलं नाही. हात पडलेलाच —

तिला उचललं, टाळू हुंगली. मुलांच्या टाळूला दुधाचा वास असतो ना? तोच घाणेरडा, गोड — मला किळस आली. तान्ह्या लेकराची किळस आली. तिला खाली ठेवलं आणि लांब जाऊन बसलो. शरम वाटते.

जमीन पुन्हा फोडायला हवी. पण पहार हातात राहत नाही.

१३ मे

उभा राहू शकत नाही. तो वास सोसवेना म्हणून काल चाचांना म्हटलं, मला माझ्या खोलीत नेऊन टाका. त्यांनी उचलून आणलं, जाताना दार घट्ट लोटून घेतलं.

इथे वास नाही. रात्रभर नाही. तीच जमीन, तीच फरशी — मग तिथेच का?

१४ मे, दुपार

लोडशेडिंग संपलं. पलीकडे कूलर घरघरायला लागला. पाणी ताट्यांवरून ठिबकतंय, पंखा हवा —

वरून पाणी. मधून हवा.

मनोरा. माझाच मनोरा — मी तो वस्तीपासून लांब उभा केला आणि दुसरा — फलकच्या उशाशी —

हाका मारतोय. तिघी आत निजल्यात. चाचांना फोन लावला — ते दुकानात, फोन घरीच विसरलेत — पलीकडे वाजतोय, कुणी उचलत नाही.

सरपटत दारापाशी आलो. खांदा लावला. हलत नाही. पायात जोर नाही. मुठी आपटतोय, आवाजच होत नाही — रबर —

हे पान फाडून पलीकडे सरकवतो. मोठ्या अक्षरांत —

नगमा, कूलर बंद कर. फलकला अंगणात ने. आत्ता.

दाराखालून जात नाही. दुमडून — नाही जात — फटच नाही, मीच बुजव