दुःख मानवलं

२ फेब्रुवारी, सोमवार

देवश्री फोनवर म्हणाली, रोज काहीतरी लिहीत जा बाबा, मन हलकं होतं. दूध संघाच्या कचेरीत जन्मभर लिहिण्याचंच काम केलं. अडचण येऊ नये.

संकल्प. गोळ्या वेळेवर. वजन रोज. देवश्री महिनाअखेरीस कोल्हारला येणार आहे, तेव्हा तिला दिसलं पाहिजे की बाबा एकटे राहू शकतात. नाहीतर घराला कुलूप लावून ती मला पुण्याला नेणार. तसं स्पष्ट बोलली आहे. मला जायचं नाही. तिच्या आईचं, अंबिकाचं, सगळं इथे आहे.

तिला जाऊन दीड महिना झाला. तिला काहीच नव्हतं. हार्ट पेशंट मी.

घरचा वजनकाटा बंद पडलाय. त्यात चपटा सेल असतो, तो कुठे मिळतो हे अंबिकाला माहीत होतं. म्हणून सूर्यभानच्या भुसार दुकानात गेलो आणि पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. ५८. सूर्यभान म्हणाला, भाऊसाहेब, तुमच्यापरीस माझं सोयाबीनचं पोतं जड हाय.

अंबिका रोज सकाळी मला काट्यावर उभं करायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायची. कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही. मी वाळत चाललो की काय, याची काळजी असणार.

४ फेब्रुवारी

काल रात्रीची मोठी गोळी राहिली. मागची थकबाकी चालू हप्त्याबरोबर चुकती करावी, हा कचेरीचा नियम. सकाळी दोन एकदम घेतल्या. थोड्या वेळाने उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी. ओट्यावर बसून राहिलो.

भागिरथीबाई स्वयंपाकाला आल्या. म्हणाल्या, उपाशीपोटी बसला असाल. मीही तेच म्हणालो.

६ फेब्रुवारी

संगमनेरला बँकेत गेलो. जॉइंट खात्यावरून अंबिकाचं नाव कमी करायचं होतं. लघवीची गोळी मुद्दाम घेतली नाही. ती घेतली की अर्ध्या तासाने सुरू होतं, आणि एसटी आपल्यासाठी थांबत नाही. गोळीवाचून काही अडलं नाही. लक्षात ठेवण्यासारखं.

बँकेतल्या मुलीने चांगलं समजावून सांगितलं. इथे सही, इथे सही. नाव कमी व्हायला फार वेळ लागला नाही.

९ फेब्रुवारी

वजन साडेएकोणसाठ. दीड किलो वाढ.

सूर्यभान म्हणाला, माझी बाजरी हाय ती. भागिरथीबाई म्हणाल्या, बाजरी काय कच्ची खात्यात व्हय, थापतं कोन? खरं कारण मला माहीत आहे.

परवा वरच्या फळीवर सांडग्या मिरच्यांचा डबा सापडला. अंबिकाने उन्हाळ्यात केल्या होत्या. देवश्रीसाठी. मला त्यातली एकही मिळत नसे. तुम्हाला नाही, एवढंच म्हणायची आणि डबा वर ठेवायची. आता दोन्ही वेळच्या जेवणात दोन-दोन तळून घेतो. चांगल्याच खारट आहेत. अंबिकाचा हात मिठाला सढळ होता, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. माझ्या ताटात ते कधी आलंच नाही.

तळताना घर भरल्यासारखं वाटतं. अन्नही अंगाला लागतंय.

११ फेब्रुवारी

देवश्रीचा फोन. गोळ्या चालू आहेत ना, म्हणाली. आहेत म्हणालो. वजन करता ना, आई करायची तसं? हो म्हणालो. मग म्हणाली, वाढलं तर लगेच कळवायचं हं बाबा, त्याच दिवशी.

लगेच कशाला? आल्यावर प्रत्यक्षच दाखवू. सरप्राइज.

१३ फेब्रुवारी

साठ आणि वर थोडं. आज एक शोध लागला. लघवीची गोळी ज्या दिवशी घेतो त्या दिवशी वजन उतरतं. घेत नाही त्या दिवशी चढतं. म्हणजे इतकी वर्षं ही गोळीच माझं वजन खात होती, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी काही कारण सांगितलं असेल तर मला ठाऊक नाही. डॉक्टरांचं ऐकायचं काम अंबिकाकडे होतं. मी तोवर शर्टाची बटणं लावायचो.

निर्णय: लघवीची गोळी बंद. बाकीच्या चालू.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास. उपाशीपोटी गोळ्या घेऊ नयेत, म्हणून बाकीच्याही आज बंद. खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी. मिरची उपवासाला चालते का, यावर थोडा विचार केला. दही, मिरची, मीठ. यातलं उपवासाला न चालणारं काय? चार खाल्ल्या.

१६ फेब्रुवारी

चपला घट्ट होतात. दिवाळीत घेतलेल्या. दुकानात जाऊन तक्रार केली की रेक्झिन आटतंय. दुकानदार ऐकेना. म्हणाला, भाऊसाहेब, चप्पल आटत न्हाई, पाय वाढला असंल. या वयात पाय वाढत नाहीत, असं त्याला शांतपणे सांगितलं आणि एक नंबर मोठ्या घेतल्या.

१८ फेब्रुवारी

बासष्ट! सूर्यभानने काटा दोनदा शून्यावर आणून बघितला. त्याने चहा मागवला. दुकानात बसलेल्यांनी अभिनंदन केलं.

पोटरीवर बोट दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. नवीन मांस आहे, कोवळं असणारच.

गुडघे मात्र दुखू लागलेत. इतकं वजन पेलायची त्यांना सवय नाही. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. सकाळी एक, रात्री एक. या अगदी वेळेवर घेतो. गोळ्या वेळेवर घेण्याचा संकल्प असा एका बाजूने तरी पाळला जातोय.

१९ फेब्रुवारी

दाढीला गेलो होतो. अजिनाथने साबण लावला, गालावरून हात फिरवला आणि मागे बाकावर बसलेल्यांना म्हणाला,

"भाऊसाहेबांना दुःख मानवलं बरं का."

हसले सगळे. वाईट मनाने नाही. अजिनाथ अंबिकाच्या वेळी रात्रभर आमच्या दारात बसून होता. मीही थोडा हसलो. साबण लावलेला होता, जास्त हसता आलं नाही.

२० फेब्रुवारी

काल रात्री झोप नाही. अजिनाथचं बोलणं सारखं आठवत राहिलं. त्यात खोटं काय आहे? माणूस गेलं की घरचे वाळतात. मी चार किलो वाढलो. ती गेली त्या दिवशी मी रडलोही नाही. लोक काय करायचं ते सांगत होते, ते करत होतो. पुढे रडू म्हटलं, निवांत. ते राहूनच गेलं.

अंबिका असती तर म्हणाली असती, बघा, माझ्यावाचून कसे सुधारलात.

आजपासून एक वेळ जेवायचं. भागिरथीबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन वेळचं करून ठेवलं.

२२ फेब्रुवारी

एक वेळच जेवलो. तरी साडेत्रेसष्ट. न जेवताही वाढतंय. सूर्यभान म्हणाला, ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब, एकेकाची कुडीच तशी असती. हे काही समाधान नाही.

आज मनात नसताना काट्यावर चढलो. उतरताना दम लागला. काट्याची उंची वीतभर.

२४ फेब्रुवारी

आडवं झालं की खोकला येतो. सूर्यभानच्या दुकानातली धूळ असणार. दोन उशा घेऊन पाहिलं, मग अंबिकाचीही घेतली. तिसरी उशी आजवर तशीच ठेवली होती. खोकला थांबला नाही. आता खुर्चीत बसून झोपतो. खुर्चीत झोपणारा माणूस वेळेवर उठतो, हा एक फायदा.

देवश्री शनिवारी येते आहे. तोवर थोडं उतरायला हवं. ती बघेल आणि काही बोलणार नाही. पण मनात म्हणेल, आई गेली आणि बाबा कसे झालेत.

उपाय: उद्यापासून मिरच्या बंद.

२५ फेब्रुवारी

मिरच्या बंद करणं जमलं नाही. तळाला थोड्याच उरल्यात. संपल्या की आपोआप बंद होतीलच.

५ मार्च, संगमनेर

मधल्या दिवसांचं लिहायचं राहिलं. आयसीयूत वही देत नाहीत.

सव्वीस तारखेला सकाळी भागिरथीबाई आल्या तेव्हा मी खुर्चीत होतो आणि मला बोलता येत नव्हतं. त्यांनी सूर्यभानला हाक मारली. त्याने टेम्पो आणला. टेम्पो भरलेला होता, उतरवायला वेळ नव्हता. संगमनेरपर्यंत सोयाबीनच्या पोत्याला टेकून बसलो. वाटेत सूर्यभान मागे वळून सारखं विचारत होता, भाऊसाहेब, हाय ना? मी मान हलवत होतो. ते त्याला दिसत नव्हतं.

छातीत, पोटात, पायात, सगळीकडे पाणी होतं. हृदय कमजोर असलं की अंगात पाणी साठतं, ते काढायला ती लघवीची गोळी होती. डॉक्टर देवश्रीला सांगत होते. या वेळी मी बटणं लावत नव्हतो. सदरा त्यांनी कापूनच काढला होता. वजन रोज करायचं ते मी वाळतो का हे पाहायला नव्हे, पाणी साठतंय का हे पाहायला. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की लगेच फोन करायचा. राहिलेला डोस दुप्पट करून भरायचा नाही. उपवास असो की प्रवास, त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण आला, पाणी आणखी अडलं. हे सगळं अंबिकाला पूर्वीच सांगितलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ताई सगळं नीट विचारून जायच्या, म्हणाले.

देवश्रीने विचारलं, "बाबा, मला का नाही सांगितलं?"

सरप्राइज होतं, हे मी सांगितलं नाही.

६ मार्च

इंजेक्शनांनी पाणी काढलं. वजन छप्पन. अंबिका गेली तेव्हा साठ होतं. म्हणजे मी वाढलो नव्हतोच. रोज थोडा कमीच होत होतो, वरून पाणी. अजिनाथला कोणीतरी हे सांगायला हवं. मी सांगणार नाही.

भागिरथीबाई भेटायला आल्या. पायांकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "तवा रडला न्हाई तुमी. त्ये समदं आत साठलं."

मला ते पटलं. बरंही वाटलं. संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा तसं असू शकतं का, असं विचारलं.

मीठ, म्हणाले.

११ मार्च, पुणे

कोल्हारच्या घराला कुलूप लागलं. किल्ली भागिरथीबाईंकडे, आठवड्याला झाडून घेतील. डब्यात सहा मिरच्या राहिल्या होत्या. त्या देवश्रीला दिल्या, तिच्यासाठीच होत्या. तिने डबा उघडून वास घेतला आणि लगेच झाकण लावलं. खाल्ल्या नाहीत अजून. वरच्या फळीवर ठेवल्यात.

इथे नवीन काटा आहे. सकाळी देवश्री मला त्यावर उभं करते, वाकून आकडा बघते, कॅलेंडरवर लिहिते. मग गोळ्या हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उभी राहते. आज पंचावन्न आणि वर थोडं. वाढलं नाही म्हणून खूश झाली.

विचारत होती, पुण्याची हवा मानवते ना बाबा?

मानवते म्हणालो.