मंडपाचा टेकू

लालबाग, १४ जुलै २०२५

चि. जयवंत यास,
रुपालीताईचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तू ‘बघतो’ म्हणतोस आणि विषय संपतो, म्हणून कागद. पत्र आईला वाचून दाखवता येते. ‘बघतो’ दाखवता येत नाही.

आपल्या चाळीचा जिना भिंतीपासून सुटला आहे. राज्याचे दुरुस्ती मंडळ म्हणते, गिरणीबरोबर चाळही केंद्राकडे गेली. मालकाच्या संमतीवाचून आम्ही खिळाही ठोकणार नाही. मालक असलेले केंद्राचे महामंडळ म्हणते, जुन्या इमारतींची दुरुस्ती हा राज्याचा विषय. इतकी वर्षे कॉलेजात मी केंद्र-राज्य अधिकारांची विभागणी शिकवली. त्या दोन अधिकारांच्या मधल्या फटीत माझीच अंथरुणाला खिळलेली आई सापडेल, हे मात्र सुचले नव्हते. तिला हलवावे, तर रिकाम्या खोलीला महामंडळ कुलूप लावते. शेजारच्या राकेशच्या खोलीला लागलेच. आणि चाळ राज्याची नाही, म्हणून संक्रमण शिबिरात तात्पुरती जागाही नाही.

खालचा हितेंद्र, गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष, म्हणाला की बाई, सांगा फक्त, पोरे दुपारपर्यंत टेकू मारतील. मी साफ नकार दिला. विनापरवाना बांधकाम म्हणजे आम्हाला हुसकावण्याचे आयते निमित्त. तुमचा कायदा जिना धरून उभा राहणार का, असे विचारून तो हसत निघून गेला. उद्धट आहे.

आमचा अर्ज दिल्लीला तुझ्याच मंत्रालयात गेला आहे. मेहेरबानी नको, निर्णय हवा. सौ. आकांक्षास आशीर्वाद. लोभ आहेच, तो आता कामी येऊ दे.

तुझी ताई


नवी दिल्ली, २५ जुलै २०२५

ती. ताईस,
जयवंतचा सविनय जय भीम.

तुझा अर्ज माझ्याच टेबलावर आला. एकही शब्द खोडण्याजोगा नाही. आमच्या कक्षात मी तो नमुना म्हणून वाचून दाखवला. आणि त्याच दिवशी, माझी आई या इमारतीत राहते, असा शेरा मारून फाइल परत केली. गिरणी कामगारांच्या सोसायटीच्या निवडणुकीत काका उभे राहिले, तेव्हा बाबा मतमोजणीवरून उठून गेले होते, आठवते ना? तुला अभिमान वाटेल.

फाइल आता दुसऱ्या अधिकाऱ्याकडे आहे. त्यांनी राज्याचा अभिप्राय मागवला आहे. धीर धर. आकांक्षा म्हणते, ताईंना धीर धरायला सांगणारा तूच काय तो शूर. आईला नमस्कार. राग आला तरी माया पातळ करू नकोस.

तुझा जयवंत


लालबाग, १८ ऑगस्ट २०२५

चि. जयवंत यास,
सप्रेम जय भीम.

अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी तुझे कान उपटावेसे वाटले. ज्या जिन्यावर तू रांगलास, तो डोळ्यांसमोर आणू शकेल असा सबंध दिल्लीत एकच अधिकारी होता. त्याने फाइल सोडली.

राज्याचा अभिप्राय निघाला आहे: आधी मालकाची संमती आणा. म्हणजे वर्तुळ पुरे झाले. काल आईच्या दारापुढचा गॅलरीचा कठडा अंगणात कोसळला. खाली कोणी नव्हते, इतकेच.

मी हितेंद्रकडे गेले. टोमणा मारील म्हणून तयारीने गेले होते. त्याने खुर्ची पुसून दिली. टेकूला परवानगी नाही, पण मंडपाला आहे. यंदाचा मंडप त्याने थेट जिन्याला आणि गॅलरीला भिडवला आहे. इतके लोखंडी खांब कशाला, असे कोणी विचारू नये म्हणून देखावा ठरला बौद्ध लेण्याचा. लेण्यातले खांब कसे असतात, हे मला विचारले; मी काढून दिले. आई म्हणते, गणपतीला आपल्या लेण्यात बसवलंस, आता भाडं घे त्याच्याकडून. कित्येक दिवसांनी ती हसली.

विसर्जनापर्यंत चाळ उभी आहे. पुढचे तू सांग.

ताई


नवी दिल्ली, ३० ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम.

पुढचे मला सांगता येत नाही. नव्या अधिकाऱ्यांना भेटलो. जमीन केंद्राची, इमारतीचा कायदा राज्याचा, तेव्हा संयुक्त बैठक हवी, असे ते म्हणाले. तारीख विचारली, तर हितसंबंधांची आठवण करून दिली. शेरा माझाच होता.

तू आईला घेऊन इकडे ये. खोली गेली तर जाऊ दे.

जयवंत


लालबाग, ७ सप्टेंबर २०२५

चि. जयवंत यास,
सप्रेम जय भीम.

‘जाऊ दे’ आईला वाचून दाखवले. तिने भिंतीकडे तोंड फिरवले. बाबांनी गिरणी गमावली. ही खोली नाही गमावली, एवढेच म्हणाली.

काल विसर्जन झाले. आज मंडपवाला खांब न्यायला आला. पहिला खांब सैल होताच जिना असा कण्हला की बायका मुलांना घेऊन अंगणात धावल्या. हितेंद्रने त्याचे हात धरले. खांब पुन्हा आवळला.

मग मी बसले आणि वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला: याच मंडपात आम्ही देवीची स्थापना करणार आहोत, मुदत वाढवावी. आयुष्यात प्रथमच खोटे लिहिले, तेही शुद्ध आणि मुद्देसूद. नवरात्रानंतर काय लिहायचे, ते मला ठाऊक नाही.

तू फाइल परत माग. हे चूक आहे, मला कळते. बाबाही चूकच म्हणाले असते. पण ते मतमोजणीवरून उठले, तेव्हा त्यांच्या डोक्यावरचे छप्पर शाबूत होते. नोकरीवर बेतले तरी माग. मी तुला जे शिकवले, ते मोड.

उत्तराची वाट पाहते. आईही पाहते, खांबही.

तुझी ताई,
अध्यक्षा, नवरात्र मंडळ