वैशाखातली शेवंती

आई, हे लिहायचं मी नऊ वर्षं टाळतोय. वही उघडतो आणि पेनात शाई भरण्यात, मग गॅलरीतून घाटाकडे जाणाऱ्या गर्दीत कोणी ओळखीचं दिसतं का ते बघण्यात सकाळ निघून जाते. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "तुझ्या पायात भिंगरी हाय, अन् डोक्यात बी." ती अजून थांबलेली नाही. मधल्या काळात ऐतिहासिक म्हणावी अशी एक कादंबरी मात्र छापून आली. तिच्यामुळेच आज बसलोय.

मखमलाबादच्या मळ्यातलं आपलं स्वयंपाकघर. फाल्गुनातली दुपार. तू आणि ताई ओल्या फडक्यावर फुलं पसरून गजरे करताय आणि मी ओट्याला टेकून माझं पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचतोय. माझी राणी वैशाखात गड उतरते, केसांत शेवंती. तुझा हात थांबतो. "वैशाखात शेवंती? राणीनं फ्रीज घेतला व्हता का रं?" ताई हसून हसून आडवी. मी चिडलो. म्हणालो, "तुला इतिहासातलं काय कळतं?" तू पुन्हा दोरा उचललास. "इतिहासातलं नाय कळत. शेवंतीचं कळतं." दुसऱ्या दिवशी सॅक घेऊन मी किल्ले बघायला निघालो. आठ दिवस म्हणालो होतो, दोन महिने झाले. एका गडाच्या पायथ्याशी तर नुसती भाकरी चांगली मिळते म्हणून आठवडा काढला. परत आलो तेव्हा तुला जाऊन चार दिवस झाले होते.

पुढे कादंबरीत राणीचं मरण लिहिलं. ती दाराकडे बघत राहते, "आला का?" विचारते, आणि लेकाच्या घोड्याच्या टापा ऐकूनच डोळे मिटते. पंचवटीच्या बाजारात भाजी घेताना लोक थांबवतात, "तो प्रसंग वाचून रडलो हो," म्हणतात. आता मलाच तो खरा वाटायला लागलाय. कांदा चिरताना मागून तुझा आवाज येतो, "आला का?" मी वळतो. आपणच रचलंय हे माहीत असून वळतो. तू गेलीस तेव्हा तुझ्यापाशी एकटी ताई होती. तू मला खरंच हाक मारलीस का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पुस्तकसुद्धा तिला दिलेलं नाही. आणि काल सहज पान उघडलं तर राणीच्या उशाशी शेवंती. वैशाखातच. संपादकाला दिसली नाही, वाचणाऱ्या कुणालाच दिसली नाही. तुझ्या उशाशी काय होतं, मला काय ठाऊक.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, म्हणून सांगून टाकतो. गडावर रेंज नव्हती असं मी सगळ्यांना सांगितलं. रेंज होती. ताईचे फोन येत होते. तू तिच्याकडून बोलावतेयस असं वाटलं, आणि अजून दोन दिवस रुसून राहावं म्हणून मी फोन बंद केला.

थांब, खाली रिक्षा थांबलीय. ताई आहे. या घराची पायरी ती आजवर कधी चढली नाही. एका हातात माझं पुस्तक, मान वर करून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतेय, "ए लेखका! वैशाखात शेवंती व्हय रं? खाली ये आधी, तुला एक सांगायचंय."